पांढऱ्या बुटांचा नंबर: पाचवीतील एका विद्यार्थिनीची टाचदुखी आणि खेळाच्या बुटांची निवड

पार्श्वभूमी

हे प्रकरण दक्षिण नागपुरातील एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत पाचवीत शिकणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीचे आहे. मी त्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. पालकांच्या संमतीने हे लिहीत असून मुलीची ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. घरात आई, वडील, आजी आणि ही एकुलती एक मुलगी; वडील गाडीवर चालक, आई घरीच शिवणकाम करते. बुटांची खरेदी वर्षातून एकदाच, शाळा उघडताना, आणि ते बूट पुढच्या जूनपर्यंत पुरले पाहिजेत, ही घराची रीत. आमच्या शाळेतील बहुतेक घरांत हीच रीत आहे.

विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. त्या आठवड्यात सीताबर्डी, महाल आणि इतवारी या भागांतल्या बुटांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. शाळेने दिलेल्या साहित्याच्या यादीत शारीरिक शिक्षणासाठी एकच ओळ होती: ‘बुधवार व शनिवार पांढरे बूट, पांढरे मोजे’. आई मुलीला घेऊन दुकानात गेली, पांढरे कॅनव्हासचे बूट मागितले, आणि दोन नंबरचा बूट पायात बसलेला असताना दुकानदाराने सांगितले, “ताई, एक नंबर मोठाच न्या, पोरगी वाढून राहिली.” तीन नंबरचा जोड घेतला गेला. घरी आल्यावर आजीने पुढच्या बाजूला कापसाचा बोळा घालून दिला.

या खरेदीत कोणीही निष्काळजीपणा केलेला नव्हता, हे आधीच नोंदवले पाहिजे. शाळेने रंग सांगितला, दुकानदाराने पालकांच्या खिशाचा विचार केला, आईने वर्षभराची सोय पाहिली. पण मुलीचा पाय किती लांब आहे आणि ती कोणत्या जमिनीवर धावणार आहे, हे दोन प्रश्न या सगळ्यात कोणीही विचारले नाहीत, आणि पुढचा सारा त्रास या दोन प्रश्नांभोवतीच फिरला.

अडचण कशी पुढे आली

आमचे मैदान मुरमाचे आहे. पावसाळा लागला की मुरमाखालची काळी माती वर येते, बुटांना चिकटते आणि मैदान निसरडे होते. म्हणून जुलैपासून साधारण सप्टेंबरअखेरपर्यंत खेळाचे तास प्रार्थनेच्या सिमेंटच्या पटांगणावर घेतले जातात. जागा अपुरी असल्याने तेथे दोरीच्या उड्या, जागच्या जागी धावणे, कवायत आणि छोट्या अंतराच्या पळापळीचे खेळ होतात. म्हणजे जमीन जेव्हा सर्वांत कठीण असते, नेमक्या त्याच महिन्यांत मुलांच्या उड्या सर्वांत जास्त होतात. शिवाय ही मुलगी शाळेच्या खो-खो संघात निवडली गेली होती आणि तिचा सराव वेगळा चालू होता.

ऑगस्टच्या शेवटी तास संपल्यावर ती चवड्यांवर चालताना दिसू लागली. विचारले तेव्हा म्हणाली, “सर, टाच दुखून राहिली. पण खो-खोतून काढू नका.” घरी हे ‘वाढीचं दुखणं’ समजून रात्री तेल चोळले जात होते. दुखणे दोन्ही टाचांत होते, उजव्या टाचेत जास्त. खेळाच्या तासानंतर वाढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली काही पावले जड जायची आणि रविवारच्या विश्रांतीनंतर कमी व्हायचे. सूज नव्हती, ताप नव्हता, रात्री झोपेतून जाग येत नव्हती. या शेवटच्या गोष्टी मुद्दाम विचारून घ्याव्यात. रात्रीचे दुखणे, सूज, ताप किंवा विश्रांतीतही टिकून राहणारे लंगडणे असेल, तर बुटांची चर्चा बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा लागतो.

तिचे बूट हातात घेऊन पाहिले. कापसाचा बोळा दाबला जाऊन पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता आणि त्याला टेकून अंगठ्याचे नख लाल झाले होते. टाचेच्या आतील कापड झिजून जाळी झालेली होती, म्हणजे प्रत्येक पावलाला टाच वर-खाली घासत होती. तळ सपाट आणि पातळ होता. टाचेखाली बोटाने दाबले की कठीण रबर लगेच हाताला लागत होते. बूट दोन्ही टोकांना धरून वाकवला तर चवड्यापाशी न वाकता मधोमध दुमडत होता. नाडी इतकी आवळून बांधलेली होती की दोन्ही बाजूंची भोके एकमेकांना भिडली होती.

शासकीय रुग्णालयातील अस्थिरोगतज्ज्ञांनी टाच दोन्ही बाजूंनी दाबून पाहिली; त्या दाबाने मुलीने पाय मागे ओढला आणि निदान तेथेच झाले. त्याला सेव्हर्स डिसीज म्हणतात. नाव आजाराचे असले तरी ही वाढत्या वयातील एक तात्पुरती अवस्था आहे, आणि १९१२ साली तिचे वर्णन करणाऱ्या अमेरिकन डॉक्टरांच्या नावाने ती ओळखली जाते. टाचेच्या हाडाच्या मागच्या टोकाला वाढीच्या काळात कूर्चेचा एक थर असतो. पोटरीचे स्नायू ज्या जाड कंडरेने टाचेला जोडलेले असतात, ती कंडरा धावताना आणि उडी मारताना नेमकी तेथेच ओढ देते. हाडे झपाट्याने वाढतात, स्नायू त्यामानाने आखूड पडतात, ओढ वाढते आणि त्या थराला दाह होतो. साधारण आठ ते चौदा या वयात, विशेषतः खेळणाऱ्या मुलांत, हे दिसते. मुलींमध्ये थोडे लवकर. कूर्चेचे हाड झाले की त्रास आपोआप थांबतो. क्ष-किरण तपासणीची गरज डॉक्टरांना वाटली नाही. त्यांनी दोन-तीन आठवडे धावणे व उड्या कमी करण्यास, पोटरीचे ताण देण्याचे व्यायाम करण्यास, दुखल्यावर बर्फाने शेकण्यास आणि ‘चांगले स्पोर्ट्स शूज’ घेण्यास सांगितले.

शेवटच्या तीन शब्दांपाशी घर अडले. वडील मला भेटायला आले ते एकच प्रश्न घेऊन: चांगले म्हणजे किती रुपयांचे?

पर्यायांचा विचार

किमतीचा प्रश्न खरा होता आणि तो टाळून चालणार नव्हते. पण किंमत हा शेवटचा प्रश्न ठेवून आधी पर्याय मांडावेत असे मी सुचवले. आई-वडील, आजी आणि मी शाळेच्या व्हरांड्यात बसून ते एकेक करून पाहिले.

पहिला पर्याय सर्वांत स्वस्त होता: आहे त्याच बुटात टाचेखाली मऊ पट्टी घालणे. टाच थोडी उचलली गेली की कंडरेवरची ओढ कमी होते, त्यामुळे या दुखण्यात अशा पट्टीचा उपयोग होतो. पण येथे बूट आधीच मोठा होता आणि त्याची मागची कड बुटकी होती. पट्टी घालून टाच वर आली असती तर ती कडेवरून अधिकच निसटली असती. पट्टी चालते ती मापात बसणाऱ्या बुटात. दुसरा पर्याय, योग्य मापाचा नवा कॅनव्हास बूट, याने घसरणे थांबले असते; तळ मात्र तसाच सपाट आणि पातळ राहिला असता. टाच न दुखणाऱ्या, मातीवर खेळणाऱ्या मुलासाठी मी आजही या बुटाला नाही म्हणणार नाही. तो हलका असतो, धुता येतो, परवडतो. सिमेंटवर उड्या मारणाऱ्या आणि टाच दुखत असलेल्या मुलीसाठी तो पुरेसा नव्हता.

तिसरा पर्याय मामाकडून आला होता. त्यांच्या मुलीचे नावाजलेल्या कंपनीचे महागडे रनिंग शूज एक वर्ष वापरून लहान झाले होते आणि ते फुकट मिळणार होते. आईचा कल तिकडे होता. बूट आणून पाहिले. वरून ते स्वच्छ आणि धडधाकट होते, पण सपाट फरशीवर ठेवून मागून पाहिले तेव्हा दोन्ही बूट आतल्या बाजूला कललेले दिसले, कारण पहिल्या मुलीच्या चालीप्रमाणे तळाचा फोम एका कडेने बसला होता. अशा बुटातला फोम रबर झिजण्याच्या आधीच आपली उसळी गमावतो आणि वरून ते समजत नाही. निरोगी पायाला थोडे दिवस असे बूट चालून जातात; दुखऱ्या टाचेला दुसऱ्याच्या चालीचा कल देणे योग्य वाटले नाही. नाही म्हणताना आईला अवघड झाले, आणि ते साहजिक होते.

बॅडमिंटनसाठी मिळणाऱ्या बुटांचाही विचार झाला. त्यांची बाजूची पकड चांगली असते, आणि खो-खोत खांबाला वळसा घालताना किंवा अचानक दिशा बदलताना ती कामी येते. परंतु त्यांचे मऊ गम रबर लाकडी किंवा कृत्रिम कोर्टासाठी असते. सिमेंटवर ते लवकर झिजते आणि ओल्या मातीवर घसरते. याउलट फार जाड आणि मऊ तळाचे धावण्याचे बूट सरळ रेषेत धावायला सुखाचे असले, तरी वळताना घोटा डगमगतो. फुटबॉलचे खिळ्यांचे बूट सिमेंटवर घालूच नयेत, कारण सारा भार त्या मोजक्या खिळ्यांवर येतो.

आजींचे म्हणणे वेगळे होते. त्यांच्या काळी सगळ्या मुली अनवाणीच खो-खो खेळत आणि कोणाची टाच दुखत नसे. हे बोलणे उडवून लावण्यासारखे नव्हते. मऊ, भुसभुशीत मातीच्या मैदानावर अनवाणी खेळल्याने पायाचे लहान स्नायू बळकट होतात, आणि खो-खोचा सराव अनेक ठिकाणी आजही तसाच चालतो. फरक जमिनीचा आहे. आजींची मुरवलेली माती आणि आमचे सिमेंटचे पटांगण यांची तुलना होत नाही. त्यांना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग पोरीले मातीवर खेळवा ना, सिमेंटवर काहून खेळवता?” हा प्रश्न संपूर्ण चर्चेतला सर्वांत नेमका होता, आणि पुढे वेळापत्रक बदलताना तो उपयोगी पडला.

या सर्वांतून जे उरले ते असे: सर्वसाधारण खेळासाठीचा, नाडीचा, मध्यम जाडीच्या तळाचा बूट, ज्याची टाच चवड्यापेक्षा थोडी उंच आहे, मागची वाटी घट्ट आहे आणि तळाचे रबर पुढून-मागून कठीण जमिनीला टिकणारे आहे. मात्र त्याआधी शाळेचा नियम आड येतो का, हे पाहणे आवश्यक होते.

निर्णय आणि कृती

नियम वाचला तर तो केवळ रंगाबद्दल होता. ‘कॅनव्हास’ हा शब्द यादीत कोठेच नव्हता. तो वर्षानुवर्षांच्या सवयीने पालकांनी आणि दुकानदारांनी गृहीत धरलेला होता. मुख्याध्यापिकांशी बोललो. एका मुलीला सवलत दिली तर ती वर्गात वेगळी दिसेल आणि इतर पालकांना संधी मिळणार नाही, म्हणून त्यांनी सर्वांसाठीच खुलासा काढला: बूट प्रामुख्याने पांढरे असावेत, प्रकार पालकांनी ठरवावा. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा निर्णय होता, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही.

त्यानंतर माप. ते घरीच, संध्याकाळी घेतले, कारण दिवसभराच्या वावराने पाय किंचित फुगतो. भिंतीला लागून कागद ठेवला, खेळाचे मोजे घालून मुलीला दोन्ही पायांवर समान भार देऊन उभे केले, टाच भिंतीला टेकवली आणि पेन्सिल उभी धरून सर्वांत लांब बोटापाशी खूण केली. हिच्या पायाचे दुसरे बोट अंगठ्यापेक्षा लांब होते. अंगठ्यापर्यंत मोजले असते तर माप चुकले असते. डावा पाय २१७ मिलिमीटर भरला आणि उजवा २१३. बहुतेकांचे दोन पाय सारखे नसतात, आणि बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यावा लागतो.

नंबरांचा हिशेब पालकांना कागदावर करून दाखवला, कारण दुकानात तो कोणी सांगत नाही. आपल्याकडे चालणारे नंबर ब्रिटिश पद्धतीचे आहेत. त्यात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलिमीटर. मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि पुन्हा एकपासून सुरू होतात. युरोपीय पद्धतीत एक नंबर सुमारे पावणेसात मिलिमीटरचा असतो, म्हणून एकाच डब्यावर २ आणि ३४ असे दोन्ही आकडे दिसू शकतात. पायाच्या लांबीपुढे सुमारे १० ते १२ मिलिमीटर मोकळी जागा हवी. २१७ मध्ये ती मिळवली की २२७ ते २२९ होतात, आणि दोन नंबरचा साचा सुमारे २२८ मिलिमीटरचा असतो. म्हणजे वाढीसाठी लागणारी जागा दोन नंबरात आधीच धरलेली होती. तीन नंबर घेताना ती दुसऱ्यांदा धरली गेली. उजव्या पायापुढे तर जवळजवळ अडीच सेंटिमीटर पोकळी राहिली होती. उजवी टाच जास्त दुखण्याचे कारण हेच, असे ठामपणे म्हणता येणार नाही, पण ती बाजू अधिक घसरत होती एवढे नक्की.

खरेदीला आई-वडील मधल्या वारी, गर्दी नसताना गेले आणि मुलीचे खेळाचे मोजे बरोबर घेतले. दुकानात चार गोष्टी पाहायच्या हे ठरवून दिले होते. बुटातली सुटी तळपट्टी बाहेर काढून मुलीला तिच्यावर उभे करायचे, म्हणजे पुढे किती जागा उरते आणि कडेने पाय बाहेर जातो का ते डोळ्यांना दिसते. टाचेची वाटी दोन बोटांत दाबायची. ती सहज चेपता कामा नये. बूट वाकवला तर चवड्यापाशी वाकावा. आणि टॉवेल पिळतो तसा पिळला तर थोडाच वळावा.

पहिला जोड लांबीला बरोबर निघाला, पण तळपट्टीवर उभे केल्यावर करंगळी पट्टीच्या बाहेर जात होती. भारतीय पाय पुढच्या बाजूला तुलनेने रुंद असतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर पायांची मापे घेऊन भारतीयांसाठी स्वतंत्र मापपद्धती सुचवली आहे, तिच्यामागे हेच कारण आहे. ती बाजारात रुळेपर्यंत पालकांना रुंदी नजरेनेच तपासावी लागणार. दुकानदाराने मुलींसाठीचे दोन-तीन प्रकार दाखवले, ते सगळे पुढे निमुळते होते. शेवटी मुलग्यांच्या कप्प्यातला, पांढरा, बाजूला राखाडी पट्टी असलेला दोन नंबरचा बूट बसला. मुलीने तो घालून दुकानाच्या गल्लीत धावून, थांबून, वळून पाहिले. किंमत अकराशेच्या आसपास होती; कॅनव्हासच्या तिप्पट आणि वडिलांना धास्ती होती त्याच्या निम्म्याहून कमी.

टाच घट्ट राहावी म्हणून नाडी ओवण्याची एक पद्धत मी तिला शिकवली. बुटाच्या सर्वांत वरचे भोक बहुधा रिकामेच राहते. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकातून आत ओवून एक छोटा फास तयार करायचा, दुसऱ्या बाजूची नाडी त्या फासातून घ्यायची आणि मग आवळून गाठ मारायची. याने टाच मागे दाबून बसते आणि चवड्यावरची नाडी सैल ठेवता येते.

परिणाम

तीन आठवडे तिने उड्या आणि धावणे थांबवले. त्या काळात खो-खोच्या सरावात ती गुण लिहीत असे आणि बसलेल्या खेळाडूंच्या दिशा पाहत असे. भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणण्याचा व्यायाम रोज चालू होता. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दुखणे बरेच कमी झाले आणि मैदानही वाळले. डिसेंबरच्या क्रीडामहोत्सवात ती खो-खो खेळली. लांब पल्ल्याच्या धावण्यात तिचे नाव दिले नाही.

जानेवारीत मात्र दुखणे पुन्हा उठले. बरे वाटू लागल्यावर व्यायाम बंद पडला होता आणि गणतंत्र दिनाच्या कवायतीचा सराव सिमेंटवर रोज होत होता. बूट तेच होते. म्हणून या प्रकरणाचे श्रेय एकट्या बुटांना देता येत नाही. भार कमी करणे, पोटरीचे व्यायाम आणि बूट ही तिन्ही कामे एकत्र चालली तेव्हा फरक पडला, आणि त्यांतील दोन सुटली तेव्हा तिसरे अपुरे पडले. व्यायाम पुन्हा सुरू केल्यावर दोन आठवड्यांत ती सावरली.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा माप घेतले तेव्हा डावा पाय २२५ मिलिमीटर झाला होता. बूट फाटले नव्हते, पण पुढची जागा संपली होती. नवा जोड घ्यावाच लागला.

काय वेगळे करता येईल

पहिला निर्णयबिंदू जूनमधल्या दुकानात होता. त्या गर्दीत माप घेणे शक्य नसते, म्हणून ते घरी किंवा शाळेत आधी व्हायला हवे. आम्ही आता वर्ष संपताना, निकालाच्या दिवशी, पालक आलेले असतानाच वर्गाबाहेर भिंतीला कागद लावून पाय मोजतो आणि आकडा मिलिमीटरमध्ये लिहून देतो. मधल्या दोन महिन्यांत पाय फारसा बदलत नाही. तरी दुकानात बोटांपुढे १० ते १२ मिलिमीटर जागा सुटते का हे पाहायला सांगतो. वर्षभरातही दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा मोजणे चांगले.

दुसरा ऑगस्टमध्ये होता. टाचदुखी घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसत असताना दोन आठवडे कोणी कोणाला काही बोलले नाही. मूल तासानंतर चवड्यावर चालताना दिसले तर त्याच दिवशी घरी कळवायचे, असे आता ठरले आहे.

तिसरा निर्णय वेळापत्रकाचा, आणि तो आजींच्या प्रश्नातून आला. पावसाळ्यात सिमेंटवर तास घ्यावेच लागतात. परंतु तेव्हा दोरीच्या उड्यांऐवजी योगासने, तोलाचे खेळ आणि चेंडू फेकण्या-झेलण्याचे प्रकार घेता येतात. खो-खोचा सराव पावसाने उघडीप दिली की रेशीमबागेसारख्या मातीच्या मैदानावर नेता येतो. हे बदल पाचवी ते आठवीपर्यंत लागू झाले आहेत.

अनुत्तरित राहिला तो पैशांचा प्रश्न. बरोबर मापाचा बूट या वयात नऊ-दहा महिन्यांत लहान होतो, आणि एक नंबर मोठा घेण्यामागे असलेली गरज माप समजावून सांगितल्याने नाहीशी होत नाही. चांगल्या अवस्थेतले, तळ समान झिजलेले बूट मुलांनी आपापसांत बदलावेत यासाठी आम्ही एक कपाट ठेवले आहे. टाच किंवा घोटा दुखत असलेल्या मुलाला मात्र त्यातले बूट देत नाही. त्या मुलांसाठी नवे बूट घेता यावेत म्हणून शाळेच्या विद्यार्थी साहाय्य निधीतून रक्कम मिळावी, असा प्रस्ताव पालक-शिक्षक संघापुढे ठेवला असून त्यावर पुढील बैठकीत निर्णय व्हायचा आहे.